बांधणी पक्की, दुरुस्ती परकी

प्रतिनिधी, मुंबई

'थार रॉक्स' या पाच दारांच्या गाडीची नोंदणी ३ ऑक्टोबर २०२४ रोजी खुली झाली, तेव्हा पहिल्या साठ मिनिटांत १ लाख ७६ हजार २१८ गाड्या नोंदवल्या गेल्याचे महिंद्र अँड महिंद्र कंपनीने जाहीर केले. पुढच्याच महिन्यात 'भारत एनकॅप' या सरकारी सुरक्षा चाचणीत या गाडीला पाचपैकी पाच तारे मिळाले. एका पिढीपूर्वी जीप म्हटले की खडखडाट, गळका टप आणि कंबरदुखी हीच चित्रे डोळ्यांपुढे येत. त्याच घराण्यातली गाडी आज सहकुटुंब लांबच्या प्रवासासाठी घेतली जाते, ही भारतीय वाहन उद्योगाच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे.

तरीही जुन्या जीपप्रेमींचा एक वर्ग समाधानी नाही. गाडी चांगली झाली, पण तिचा स्वभाव हरवला, अशी या मंडळींची तक्रार आहे. नव्या पिढीला ही तक्रार म्हणजे निव्वळ स्मरणरंजन वाटते. पक्की बांधणी हवी की रांगडा स्वभाव, असा हा वाद मांडला जातो. मात्र या मांडणीतच गफलत आहे. 'स्वभाव' या एका शब्दाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या आहेत: गाडीचे रूप, तिची गैरसोय आणि तिची दुरुस्तीसुलभता. यातली पहिली गोष्ट कंपन्यांनी जपली, दुसरी टाकली आणि तिसरी कोणाच्या फारशी लक्षात न येता हातातून निसटली. ग्राहकाचे खरे नुकसान आहे ते या तिसऱ्या गोष्टीत.

या वादाचा मुंबईशी असलेला संबंधही लक्षात घेण्याजोगा आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास विलीज जीपची जुळणी भारतात सुरू केली ती महिंद्रने. आणि ब्रिटनच्या 'लँड रोव्हर'ची मालकी २००८ मध्ये फोर्ड कंपनीकडून टाटा समूहाकडे आली. म्हणजे जगातल्या दोन जुन्या रांगड्या घराण्यांपैकी एकाची भारतीय शाखा आणि दुसऱ्याची संपूर्ण मालकी, अशी दोन्ही सूत्रे आज मुंबईतून हलतात. रांगडी गाडी कशी असावी, याचे उत्तर मोठ्या प्रमाणात याच शहरात ठरत आहे.

टंचाईतून घडलेला स्वभाव

जीपचा जन्म हौसेतून झालेला नाही. १९४० मध्ये अमेरिकी लष्कराने १३५ कंपन्यांना निविदा धाडल्या आणि पहिला नमुना अवघ्या ४९ दिवसांत मागितला. बँटम या छोट्या कंपनीने तो दिला. पुढे विलीज आणि फोर्ड यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सहा लाखांहून अधिक जीप तयार केल्या. सपाट बॉनेट, सरळ पत्रे आणि उघडा सांगाडा यांमागे सौंदर्यदृष्टी नव्हती. गाडी झटपट तयार व्हावी, जहाजात मावावी आणि रणभूमीवर पान्याने उघडता यावी, एवढाच हेतू होता.

लँड रोव्हरची कथाही याहून वेगळी नाही. एप्रिल १९४८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात ही गाडी प्रथम दिसली. युद्धोत्तर ब्रिटनमध्ये पोलादावर नियंत्रण होते, म्हणून तिचे अंग ॲल्युमिनियमचे झाले. पत्रा वळवण्यासाठी लागणारे महागडे साचे परवडणारे नव्हते, म्हणून ती चौकोनी झाली. आज ज्याला 'व्यक्तिमत्त्व' म्हटले जाते ते मुळात टंचाईचे अपत्य होते.

भारतात ही टंचाई परवाना राजवटीने आणखी काही दशके लांबवली. ग्राहकाला पर्याय नव्हता आणि कंपनीला घाई नव्हती. त्यामुळे चाळिशीतल्या दशकातला आराखडा नव्वदीतही रस्त्यावर होता. तथापि याच गाड्यांनी ग्रामीण महाराष्ट्राला पाय दिले. सातारा, सांगली, कोल्हापूरच्या पट्ट्यात 'वडाप' म्हणून धावणाऱ्या महिंद्रच्या जीप आणि बजाज टेम्पोच्या ट्रॅक्स यांनी, एसटी जिथे दिवसातून एकदाच येई किंवा येतच नसे, अशी गावे बाजारपेठेशी जोडली. पाटे तुटले तर तालुक्याच्या गावी बदलून मिळत, क्लच घसरला तर स्टँडजवळचा फिटर दुपारपर्यंत गाडी चालती करून देई. ही गाडी बिघडे वारंवार, पण अडून बसे क्वचित. तिच्यावरच्या लोभाचे मर्म इथे आहे.

चार कंपन्या, चार उत्तरे

सुरक्षा आणि प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, तसा जुन्या आराखड्यांचा निभाव लागेनासा झाला. यातून मार्ग काढताना चार कंपन्यांनी चार वेगळी उत्तरे दिली.

पहिले उत्तर लँड रोव्हरचे. जुन्या 'डिफेंडर'चे उत्पादन २९ जानेवारी २०१६ रोजी इंग्लंडमधील सोलिहल येथे थांबले. १९४८ पासून या मालिकेतल्या वीस लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या होत्या. चालकाचे कोपर खिडकीला घासणे, दारांच्या फटींतून पाऊस आत येणे आणि पोलादी चॅसी गंजणे, या तिच्या खोडी मालकांनी कौतुकाने सांभाळल्या. एअरबॅग सक्तीच्या झाल्यामुळे अमेरिकेतली तिची विक्री १९९७ नंतरच बंद पडली होती. २०१९ मध्ये आलेली नवी डिफेंडर स्लोव्हाकियातील नित्रा येथे तयार होते. स्वतंत्र चॅसी, अखंड ॲक्सल आणि चौकोनी पत्रे हे सारे जाऊन तिथे एकसंध ॲल्युमिनियमचा सांगाडा आला. युरो एनकॅपच्या २०२० च्या चाचणीत तिला पाच तारे मिळाले. नाव तेवढे जुने राहिले, बाकी सर्व नवे.

दुसरे उत्तर टोयोटाचे. 'लँड क्रुझर'ची ७० मालिका १९८४ मध्ये आली आणि थोडेफार बदल स्वीकारत आजही तयार होते. ऑस्ट्रेलियाच्या खाणी, आफ्रिकेतील मदत संस्था आणि संयुक्त राष्ट्रसंघाची पथके हे तिचे खरे ग्राहक. ओसाड प्रदेशात जायचे असेल तर लँड रोव्हर घ्या आणि परत यायचे असेल तर लँड क्रुझर, ही ऑस्ट्रेलियात चालणारी थट्टा या सगळ्या वादाचे सार सांगून जाते. रांगडेपणा आणि विश्वासार्हता यांत वैर नाही, हे टोयोटाने कधीच दाखवून दिले होते. तिच्या गाडीत गंमत कमी असेल, पण ती घरी पोहोचवत असे.

अर्थात या 'न बदललेल्या' गाडीलाही बदलावे लागले. ऑस्ट्रेलियातील खाण कंपन्यांनी आपल्या ताफ्यात पाच तारे असलेल्या गाड्यांचाच आग्रह धरला, तेव्हा २०१६ मध्ये टोयोटाने ७० मालिकेतल्या एका केबिनच्या पिकअपची चॅसी बळकट केली, एअरबॅग वाढवल्या आणि पाच तारे मिळवले. जाणत्या ग्राहकाने मागणी केली की बत्तीस वर्षांचा आराखडाही सुधारतो, हा त्यातला धडा आहे.

तिसरे उत्तर ब्रिटनमधील इनिऑस समूहाचे. जुन्या डिफेंडरची उणीव भासणाऱ्यांसाठी या रसायन उद्योगातल्या समूहाने 'ग्रेनेडियर' ही गाडी काढली. २०२२ मध्ये फ्रान्समधील हांबाख येथे तिचे उत्पादन सुरू झाले. शिडीच्या आकाराची चॅसी आणि अखंड ॲक्सल तिने कायम ठेवले. मात्र इंजिन बीएमडब्ल्यूचे घेतले, म्हणजे आजच्या प्रदूषण नियमांबरोबर येणारी सारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणाही आलीच. जुन्या काळात पूर्णपणे परतणे कोणालाच शक्य नाही, हे या प्रयोगातून स्पष्ट झाले.

चौथे उत्तर महिंद्रचे. २०१० मधील पहिल्या 'थार'ला कापडी टप होता, मागे समोरासमोरची बाके होती, एअरबॅग नव्हत्या. २ ऑक्टोबर २०२० रोजी बाजारात आलेल्या दुसऱ्या थारने चॅसीचा पाया ठेवला, पण त्यावरचे जवळजवळ सारे नव्याने बांधले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ग्लोबल एनकॅपने प्रौढ आणि बालके या दोन्ही गटांत तिला चार तारे दिले. चारही उत्तरांत मध्यममार्गी म्हणावे असे हे उत्तर आहे, आणि बाजारपेठेने त्याला भरघोस कौल दिला आहे.

गैरसोयीचे कौतुक कशासाठी?

जुन्या गाड्यांच्या प्रेमापोटी एक गोष्ट विसरली जाते. ज्याला स्वभाव म्हणून गोंजारले जाते त्यातला काही भाग थेट जिवाशी खेळ होता. आडव्या बाकावर सीट बेल्टविना बसलेल्या प्रवाशाला अपघातात वाचवणारे काहीही त्या गाडीत नव्हते. वडापमधून दाटीवाटीने प्रवास करणाऱ्या माणसाने तो 'रांगडेपणा' निवडलेला नव्हता. त्याच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता.

भारतात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडल्याची केंद्र सरकारची नोंद आहे. अशा देशात गाडीची बांधणी हा अभिरुचीचा विषय राहत नाही. महिंद्रच्याच 'स्कॉर्पिओ'च्या एअरबॅग नसलेल्या आवृत्तीला २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅपने शून्य तारे दिले होते. २०२२ मध्ये 'स्कॉर्पिओ एन'ला पाच मिळाले. एप्रिल २०१९ पासून सक्तीचे झालेले एबीएस, त्याच वर्षी आलेली चालकाच्या एअरबॅगची सक्ती आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेले भारत एनकॅप यांचा या प्रवासात मोठा वाटा आहे. या नियमांपुढे मारुतीच्या लाडक्या 'जिप्सी'लाही २०१९ मध्ये नागरी बाजारातून जावे लागले. हळहळ स्वाभाविक आहे, पण निर्णय योग्यच होता.

स्वभाव जपण्याच्या नादात सुरक्षेकडे दुर्लक्ष झाले तर काय होते, याचे उदाहरण जीपच्या मूळ घराण्यातच सापडते. डिसेंबर २०१८ मध्ये 'जीप रँग्लर'ला युरो एनकॅपने अवघा एक तारा दिला. काढता येणारी दारे आणि दुमडणारी काच ही तिची ओळख जगभर विकली जाते. तेवढ्या ओळखीच्या बळावर अपघातात माणूस वाचत नाही.

रूप कोणाच्या मालकीचे?

स्वभावाचा जो भाग कंपन्यांनी डोळ्यांत तेल घालून जपला तो म्हणजे रूप. त्यासाठी न्यायालयाच्या पायऱ्याही चढल्या गेल्या. महिंद्रने २०१८ मध्ये अमेरिकेत 'रॉक्सर' ही केवळ शेतात आणि आडरानात चालवायची गाडी आणली. तिचे रूप जीपशी मिळतेजुळते असल्याची तक्रार तेव्हाच्या फियाट क्रायसलर कंपनीने अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे केली. जून २०२० मध्ये आयोगाने ती ग्राह्य धरून विक्री रोखली. पुढचा तोंडवळा बदलल्यावर डिसेंबर २०२० मध्ये नव्या आवृत्तीला मोकळीक मिळाली. उलट ब्रिटनमध्ये जुन्या डिफेंडरच्या आकाराची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी करण्याचा जग्वार लँड रोव्हरचा प्रयत्न ऑगस्ट २०२० मध्ये उच्च न्यायालयात फसला. हा आकार पुरेसा वेगळा नाही, असे तिथे ठरले.

एकाच वर्षात दोन देशांत दोन विरुद्ध निकाल लागले, तरी दोन्हीकडे भांडण पत्र्याच्या आकाराचे होते. चॅसी किती टिकते, गाडी कोण दुरुस्त करू शकतो, हे प्रश्न त्यात नव्हते. बाजारात किंमत रूपाला आहे, हे कंपन्यांनी अचूक ओळखले आहे. जानेवारी २०२३ मध्ये महिंद्रने फोर व्हील ड्राइव्ह नसलेली थार ९ लाख ९९ हजारांपासून विक्रीस आणली. चिखलातून निघण्याची मूळ क्षमता वजा केली आणि रूप तेवढे शाबूत ठेवले, तरी ग्राहक आला. शहरी ग्राहकाची गरज पाहता यात गैर काही नाही. मात्र अशी गाडी घेताना आपण क्षमता घेत नसून प्रतिमा घेत आहोत, एवढे भान हवे.

हरवले ते काय?

उरते ती तिसरी गोष्ट, दुरुस्तीसुलभता. जुन्या जीपमध्ये काय बिघडले हे कानाने कळे आणि पान्याने सुधारता येई. आजच्या गाडीत इंजिनापासून ब्रेकपर्यंत सारे काही सेन्सर आणि संगणकाच्या हाती आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस ६ नियमांमुळे डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी गाळणी आली. हवेसाठी ती हितकारक आहेच. परंतु शहरातल्या रडतखडत चालणाऱ्या वाहतुकीत ती काजळीने भरते आणि गाडी काही काळ मोकळ्या रस्त्यावर एका वेगाने चालवल्याखेरीज साफ होत नाही. डोंगरदऱ्यांसाठी बांधलेली गाडी महानगरातल्या कोंडीत दिवा लावून तक्रार करते, हा विरोधाभास अनेक मालकांच्या अनुभवाचा आहे.

गुणवत्तेची व्याख्याही बदलली आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये महिंद्रने कॅमशाफ्टमधील संभाव्य दोषासाठी डिझेलवरच्या १,५७७ थार तपासणीसाठी परत बोलावल्या. ७ सप्टेंबर ते २५ डिसेंबर २०२० या काळात तयार झालेल्या नेमक्या कोणत्या गाड्या, हे कंपनीला ठाऊक होते. पूर्वी असा दोष प्रत्येक मालकाला आपापल्या नशिबाने, रस्त्याच्या कडेला कळला असता. आज तो कारखान्याच्या नोंदीत सापडतो आणि विनामूल्य दुरुस्त होतो. हे निःसंशय प्रगतीचे लक्षण आहे. पण याचाच दुसरा अर्थ असा, की गाडीविषयीचे ज्ञान फिटरच्या हातातून निघून कंपनीच्या संगणकात गेले आहे.

हे ज्ञान आणि सुटे भाग कोणाला मिळावेत, हा प्रश्न भारतात नवा नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना एकूण २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता. अस्सल सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजांना मोकळेपणाने न दिल्याचा ठपका या कंपन्यांवर होता. त्यांत महिंद्र, टाटा मोटर्स, मारुती आणि टोयोटा यांचाही समावेश होता. कंपन्यांनी या आदेशाविरुद्ध अपिले केली. पुढे जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली आणि मोटारींचाही तिच्या कक्षेत समावेश केला. मे २०२५ मध्ये मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठी दुरुस्तीयोग्यता निर्देशांक सुचवणारा अहवाल सरकारपुढे आला. फ्रान्समध्ये काही उपकरणांवर असा निर्देशांक छापणे २०२१ पासून बंधनकारक आहे.

मोबाइल दुरुस्त होणे किती सोपे, हे खोक्यावर छापण्याचा विचार होऊ शकतो, तर पंधरा-वीस लाखांच्या गाडीच्या बाबतीत तो का होऊ नये? सुरक्षेचे तारे जसे काचेवर चिकटवता येतात, तसे दुरुस्तीचे गुणही चिकटवता येतील. कोणते भाग बाहेरच्या गॅरेजमध्ये बदलता येतात, सुटे भाग किती वर्षे मिळतील, तपासणीचे यंत्र स्वतंत्र फिटरला उपलब्ध आहे का, एवढी माहिती दिली तरी रांगड्या गाड्यांच्या बाजारात मोठा फरक पडेल.

या गाड्यांवर ज्यांचे काम अवलंबून असते ते ग्राहक रूपाने भुलत नाहीत. भारतीय लष्कराने अनेक वर्षे जिप्सीवर भिस्त ठेवली आणि मार्च २०२५ मध्ये संरक्षण खात्याने पुण्याच्या फोर्स मोटर्सकडून २,९७८ 'गुरखा' घेण्याचा करार केला. पुढच्या आणि मागच्या दोन्ही चाकांसाठी डिफरन्शियल लॉक देणारी ही गाडी दिखाऊपणात थारच्या मागे असेल. पण लष्कराच्या हिशेबात, तळापासून दूर अडकलेली गाडी बाहेर निघते की नाही आणि आपल्याच कार्यशाळेत ती चालती करता येते की नाही, याला मोल असते.

शहरी ग्राहकाला लष्करासारखी घासाघीस करता येत नाही हे खरे. मात्र प्रश्न विचारता येतात. विक्रेत्याच्या दालनात सनरूफ आणि पडद्याचा आकार यांची चौकशी करणाऱ्याने आणखी तीन गोष्टी विचारायला हव्यात: सुरक्षा चाचणीचे तारे नेमक्या कोणत्या आवृत्तीला मिळाले आहेत, फोर व्हील ड्राइव्हचे जादा पैसे मोजण्याइतका त्याचा उपयोग होणार आहे का, आणि सर्व्हिस सेंटरपासून दोनशे किलोमीटरवर गाडी बंद पडली तर ती कोण सुरू करू शकेल. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आज मिळते, कारण नियामकांनी आणि जागरूक ग्राहकांनी ते कंपन्यांकडून वदवून घेतले. दुसऱ्याचे उत्तर ज्याने त्याने स्वतःला द्यायचे आहे. तिसऱ्याचे उत्तर देण्याचे बंधन अद्याप कोणावरही नाही.

पक्की बांधणी आल्याने रांगड्या गाड्यांचे काहीही बिघडलेले नाही. दार नीट लागते म्हणून डोंगर चढायचे कोणतीही गाडी थांबत नाही. बिघडले असेल तर एवढेच, की घाटात बंद पडलेली गाडी आता तिच्या मालकाला आणि जवळच्या फिटरला सारखीच परकी वाटते. जीपच्या स्वभावातले जपण्यासारखे होते ते हेच, आणि ते परत मिळवण्यासाठी गळका टप पुन्हा चढवण्याची आवश्यकता नाही.